फळी बघा, पासपोर्ट नको!

'चायना माल' म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. चार्जर असो, दिवाळीची माळ असो नाहीतर पावसाळ्यात घाईत घेतलेली छत्री असो, वस्तू बिघडली की दोषी कोण हे आधीच ठरलेलं असतं. आणि टिकली, तर ती कुठे बनली हे उलटून बघायची तसदी कुणी घेत नाही.

स्केटबोर्डिंग करणाऱ्या मंडळींमध्ये हा निकाल जरा जास्तच जोरात लावला जातो. वांद्र्याच्या कार्टर रोडवरचा स्केटपार्क घ्या, नाहीतर रविवारी सकाळी रिकामं असलेलं कुठलंही पार्किंग घ्या. नवा मुलगा किंवा मुलगी स्वस्तातला डेक घेऊन आली की पहिला प्रश्न येतो, 'कुठला आहे?' उत्तर 'चायना' असेल तर दुसरा प्रश्न येतच नाही. नुसतं एक लांबलचक 'अच्छाऽऽ' येतं आणि त्यात सगळं येतं. त्याच फळीवर कॅलिफोर्नियाच्या एखाद्या ब्रँडचं कवटीवालं ग्राफिक असतं, तर लोकांनी ती हातात घेऊन, फिरवून, 'भारी आहे रे' म्हटलं असतं.

माझं म्हणणं असं की हे दोन्ही निकाल फालतू आहेत, आणि दोन्हींचं कारण एकच. फळी कुणी बघितलेलीच नसते. डेक चांगला की वाईट हे तपासायच्या सोप्या पद्धती आहेत. त्यासाठी पंधरा मिनिटं आणि एक मेजपट्टी पुरते. आणि ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याला तर हे यायलाच हवं. पैसेवाल्याचा एक डेक फसला तर तो दुसरा मागवतो. बाकीच्यांचा खेळ तिथेच थांबतो.

सात थरांची गोष्ट

ज्यांनी बोर्ड कधी हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्केटबोर्डची लाकडी फळी म्हणजे डेक. तिच्याखाली धातूचे दोन ट्रक, त्यांना चार चाकं, चाकांत बेअरिंग. चांगले ट्रक वर्षानुवर्षं चालतात, चाकंही बराच काळ जातात. डेक मात्र संपतो. ओली मारताना मागचं टोक, म्हणजे टेल, जमिनीवर आपटतं आणि दर वेळी थोडं झिजतं. उंचावरून उतरताना पाय चुकून मधोमध पडले की फळीचे दोन तुकडे. रोज खेळणाऱ्याचा डेक दोन-तीन महिन्यांत निकामी होऊ शकतो. बॅडमिंटनमध्ये रॅकेट एकदा घेतली की झालं, पण शटल घेत राहावी लागतात. डेक म्हणजे या खेळातली शटल. म्हणून 'पहिला बोर्ड कितीचा' यापेक्षा 'पुढचा डेक परवडेल का' हा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे.

ही फळी एकाच लाकडातून कापलेली नसते. मेपल लाकडाचे साधारण दीड मिलिमीटर जाडीचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून ती बनते. पाच थरांचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने जातात, दोन थरांचे आडवे. लांबीच्या थरांमुळे ताकद आणि उसळी मिळते, आडव्या थरांमुळे फळी उभी चिरत नाही. गोंद लावलेले हे सात थर साच्यात घालून हायड्रॉलिक प्रेसखाली दाबतात. बाहेर येते ती बाजूंनी किंचित उचललेली आणि दोन्ही टोकांना वर वळलेली पाटी. बाजूंच्या त्या उचलीला कॉन्केव्ह म्हणतात. पाय बोर्डवर घट्ट बसतो तो तिच्यामुळे. मग ही पाटी काही दिवस नुसती ठेवून द्यायची, आतला ओलावा स्थिरावू द्यायचा आणि त्यानंतर भोकं, आकार, कडा, रंग.

यात घाई कुठे करता येते ते बघा. गोंदात करता येते, दाबायच्या वेळात करता येते आणि ठेवून देण्याच्या दिवसांत करता येते. डेकचा बरावाईटपणा या तीन ठिकाणी ठरतो. शिवाय चौथी गोष्ट म्हणजे लाकूड. चांगल्या डेकला हार्ड मेपल वापरतात, ज्याला शुगर मेपलही म्हणतात. मेपल सिरप येतं ते याच झाडाचं. कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या थंडीत हे झाड सावकाश वाढतं आणि त्याचं लाकूड घट्ट होतं. लाकडाचा कडकपणा मोजायची जान्का नावाची चाचणी असते. तीत हार्ड मेपलचा आकडा १४५० पाउंडांच्या आसपास येतो, तर त्याचंच भावंडं असलेल्या रेड मेपलचा ९५० च्या आसपास. नाव दोघांचंही मेपल. हे डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मेरठची बॅट, चीनचा डेक

आता जरा क्रिकेटकडे वळू. इंग्लिश विलोची बॅट हवी म्हणून पोरं वर्षभर पैसे साठवतात. ती बॅट येते कुठून? लाकूड इंग्लंडचं, पण बॅट मेरठची किंवा जालंधरची. विलोचे ठोकळे तिकडून येतात. आपले कारागीर ते तासतात, दाबतात, हँडल बसवतात आणि त्यातल्या कितीतरी बॅटी पुन्हा परदेशातल्या मैदानांवर जातात. तिकडच्या कुणी 'मेड इन इंडिया म्हणजे भंगार' म्हटलं तर आपल्याला राग येईल, आणि तो रास्त असेल. बॅट घेताना आपण काय करतो? ग्रेन्स मोजतो, हातात तोलून बघतो, चेंडू आपटून आवाज ऐकतो. गल्लीतला दहा वर्षांचा पोरगासुद्धा बॅटचा पासपोर्ट विचारत बसत नाही.

डेकचंही नेमकं असंच आहे. कॅनडातल्या मेपलचे पातळ थर जहाजाने चीनला जातात, मेक्सिकोला जातात आणि तिथल्या कारखान्यांत दाबले जातात. एके काळी हे काम बहुतांशी कॅलिफोर्नियात चालायचं. नंतर ते हळूहळू बाहेर गेलं. अनेक अमेरिकन ब्रँडचे डेक आज सीमेपलीकडे मेक्सिकोत, तिहुआनाकडच्या कारखान्यांत बनतात. ब्लाइंड, एन्जॉय, ऑलमोस्ट, डार्कस्टार हे ब्रँड चालवणाऱ्या ड्विंडल कंपनीने २००० नंतरच्या दशकात आपले डेक चीनमध्ये बनवून घ्यायला सुरुवात केली. एपॉक्सीने चिकटवलेले त्यांचे 'रेझिन-७' डेक तिथलेच. यातला ऑलमोस्ट हा ब्रँड डेवॉन साँगच्या जोडीने कुणी सुरू केला? रॉडनी मलेनने. सपाट जमिनीवरची ओली आणि किकफ्लिप ही ज्याची देणगी मानली जाते, तो रॉडनी मलेन. ज्या ट्रिकच्या नावाने आपण गुडघे फोडून घेतो तिच्या जनकाच्या ब्रँडचा डेक चीनमध्ये बनत असेल, तर पार्कमधल्या त्या 'अच्छाऽऽ'ला काय अर्थ उरतो?

अर्थात, चीनमध्ये उत्तम कारखाने आहेत तसे रद्दडही आहेत. एवढ्या मोठ्या देशात दोन्ही असणारच. म्हणूनच देशाच्या नावावरून काहीही कळत नाही.

पैसे कशाचे देतो आपण?

अमेरिकेत नामांकित स्केटरच्या नावाचा प्रो मॉडेल डेक साधारण ६० ते ७० डॉलरला मिळतो. ग्राफिक नसलेला कोरा डेक ३०-३५ डॉलरला. या फरकात लाकडाचा वाटा फार मोठा नसतो. त्यात त्या स्केटरचं मानधन असतं, टीमचे दौरे असतात, व्हिडिओ असतात, जाहिरात असते. हे पैसे वाया जातात असं मी म्हणत नाही. ज्याचे व्हिडिओ बघून तुम्ही शिकलात त्याच्या खिशात चार पैसे जावेत असं वाटत असेल तर जरूर प्रो डेक घ्या. फक्त त्याला 'क्वालिटी' म्हणू नका. ती आवड आहे, आणि आवडीला मोल असतंच.

आपल्याकडे त्यावर आणखी बोजा चढतो. लांबलचक खोकं, किलोभराहून जास्त वजन, कुरिअर, कस्टम्स, कर. तोच प्रो डेक इथे सहज पाच हजारांच्या पुढे जातो. कोरा डेक किंवा एखाद्या दुकानाने स्वतःच्या नावाने बनवून आणलेला डेक साधारण त्याच्या निम्म्यात पडतो. त्यामुळे आपल्याकडे स्केटर्सचा एक खास वर्ग तयार झाला आहे. अमेरिकेतल्या मावशीच्या बॅगेतून डेक येणाऱ्यांचा! मावशी असेल तर छानच. पण हा खेळ फक्त मावशीवाल्यांचा राहू नये, एवढंच.

स्वस्तात तीन जाती

इथवर वाचून कुणी समजेल की मी स्वस्त मालाची वकिली करतेय. तर नाही. स्वस्तात तीन वेगवेगळ्या जाती असतात आणि आपण त्यांना एकाच पोत्यात भरतो. सगळी गडबड तिथे होते.

पहिली जात खेळण्याची. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात, हजार-बाराशेला, कार्टूनचं स्टिकर लावलेली. प्लॅस्टिकचे ट्रक, दगडासारखी कडक चाकं, जवळजवळ सपाट फळी. यावर खोक्यावर मोठ्या अभिमानाने '९ प्लाय' लिहिलेलं असतं. सातपेक्षा नऊ जास्त म्हणजे भक्कम, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात लाकूड मऊ असलं की जाडी वाढवावी लागते, म्हणून अनेकदा थर नऊ होतात. फळी जड होते आणि उसळी जाते. या बोर्डवर ओली शिकणं म्हणजे पाण्यात भिजलेल्या चेंडूने बाउन्सर टाकणं. युरोपात स्केटबोर्डसाठी ईएन १३६१३ नावाचं सुरक्षा मानक आहे. त्यात दोन वर्ग आहेत. 'ए' वर्ग १०० किलोपर्यंतच्या वजनासाठी, 'बी' वर्ग ५० किलोपर्यंत. बाहेरून आलेल्या बोर्डच्या खोक्यावर बारीक अक्षरात हे कधी कधी छापलेलं असतं. कॉलेजमधल्या मुलाने 'बी' वर्गाचा बोर्ड घेतला आणि तो मोडला, तर त्यात चीनचा काय दोष?

दुसरी जात प्रामाणिक डेकची. कोरा किंवा साध्या ग्राफिकचा, सात थर, हार्ड मेपल, नीट कॉन्केव्ह. विकणारा लाकूड कुठलं, गोंद कुठला, रुंदी किती हे विचारल्यावर सांगतो. हाच आपल्याला हवा आहे.

तिसरी जात सोंगाड्याची. ही सगळ्यात घातक, कारण दिसायला दुसऱ्या जातीसारखी असते. वर '१०० टक्के मेपल' लिहिलेलं. कुठलं मेपल? ते नाही लिहिलेलं. चीनमध्येही मेपल उगवतं, इतरत्रही उगवतं आणि नावाला ते सगळं मेपलच. मघाशी डोक्यात ठेवायला सांगितलेले दोन आकडे आठवा. वरचे दोन थर चांगले, आतले पाच कुठले तरी, असंही असू शकतं. ही जात ओळखायची तर फळी हातात घेण्याला पर्याय नाही.

माठ घेतो तशी घ्या

माझी आजी माठ घेताना त्याला टिचकी मारून बघते. सुतार फळी घेताना एक डोळा मिटून तिच्या टोकाकडून बघतो. डेक तपासायला या दोघांच्या विद्येत थोडीच भर घालायची आहे.

सुरुवात कडेपासून करा. बहुतेक डेकच्या कडा नुसत्या घासून सोडलेल्या असतात, त्यामुळे थर दिसतात. मोजा. सात हवेत. काही थर रंगवलेले असतील तर मोजायला आणखी सोपं. दोन थरांमध्ये फट आहे का, नखाचं टोक शिरतंय का, कुठे पोकळी दिसतेय का ते पूर्ण कडेने फिरून बघा. कारण पुढे पदर सुटतात ते अशाच जागेपासून. चिरोट्याचे पदर सुटले तर मजा येते, डेकचे सुटले तर डेक गेला. कडांवर जाड रंग मारून थर झाकले असतील तर विचारा, का बुवा?

मग पीळ बघा. टेलच्या बाजूने डोळा लावून नोजकडे बघा. आणखी नेमकं हवं असेल तर कंपासपेटीतल्या दोन सरळ पट्ट्या घ्या. ट्रकची भोकं असतात त्या दोन जागी डेकवर आडव्या ठेवा आणि एक डोळा मिटून मागच्या पट्टीशी पुढची पट्टी जुळवून बघा. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. एक तिरकी दिसली तर फळीला पीळ आहे. अशा फळीवर चारही चाकं जमिनीला सारखी टेकणार नाहीत आणि बोर्ड एका बाजूला ओढत राहील. नवशिक्याला वाटतं आपला तोल जातोय.

तिसरी तपासणी भोकांची. एका बाजूच्या चार भोकांचा चौकोन साधारण ५४ बाय ४१ मिलिमीटरचा असतो. तो असला की बाजारातला जवळपास कुठलाही ट्रक बसतो. भोकापासून डावी कड आणि उजवी कड, दोन्ही अंतरं मोजा. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर भोकं वाकडी पाडली आहेत आणि हे कुठल्याही उपायाने दुरुस्त होत नाही.

चौथं वजन. आठ इंच रुंदीचा सात थरांचा डेक सव्वा किलोच्या आसपास भरतो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा काटा यासाठी पुरेसा आहे. बराच जड निघाला तर लाकूड किंवा गोंद यापैकी कशात तरी गोम आहे. जड म्हणजे दणकट हा आपला समज गादीपुरता ठेवा.

पाचवा आवाज. डेक एका टोकाला सैल धरा आणि बोटांच्या पेरांनी वेगवेगळ्या जागी ठोका. घट्ट चिकटलेली फळी खणखणीत वाजते. कुठे आवाज एकदम बसका, 'थप्प' आला तर तिथे आत थर नीट चिकटलेले नाहीत अशी शंका घ्यायला जागा आहे. माठाचं शास्त्र अगदी हेच.

आणि शक्य असेल तर एक शेवटचं. त्याच मॉडेलचे दोन डेक मागून घ्या आणि एकावर एक ठेवा. ताटल्या जशा एकमेकींत बसतात तसे बसले पाहिजेत. अनेक कारखाने एकाच साच्यात चार-पाच डेक एकदम दाबतात. मग वरच्याचा आणि खालच्याचा कॉन्केव्ह किंचित वेगळा निघतो. किंचित फरक चालतो, पण डोळ्याला दिसेल इतकी फट असेल तर त्या कारखान्याचा हात सारखा चालत नाही. आज घेतलेला डेक आवडला म्हणून उद्या तोच मागवाल आणि वेगळाच पायाखाली येईल.

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र कळत नाही. गोंद किती दिवस धरेल, हे. ते खेळूनच कळतं. म्हणून तोच डेक वापरलेल्या चार-पाच जणांना विचारा. एकाचा मोडला यावरून काही ठरवू नका. चुकीचं लँडिंग झालं तर कुणाचाही डेक मोडतो, सहा हजारांचाही. पण पाचपैकी तिघांचे पदर सुटले असतील तर लांब राहिलेलं बरं.

ऑनलाइन घेताना यातलं काहीच करता येत नाही असं वाटेल. पण विकणाऱ्याकडे कडेचा जवळून काढलेला फोटो मागता येतो. जो पाठवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. डेक घरी आला की ग्रिप टेप चिकटवण्याआधी वरच्या सगळ्या तपासण्या करा. एकदा टेप चिकटली आणि बोल्ट आवळले की परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

थोडा दोष पावसाचाही

'चायना डेक दोन महिन्यांत मेला' ही तक्रार ऐकली की मी आधी एक प्रश्न विचारते, कुठले दोन महिने? जून-जुलै असतील तर जरा थांबू या. मेपल कितीही कडक असलं तरी लाकूड आहे, पाणी पितं. पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाच्या जातीतला गोंद असेल तर ओलाव्याने तोही सैल पडतो. ओल्या रस्त्यावर खेळलेला, बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलेला, नाहीतर मे महिन्यात गाडीच्या डिकीत भाजून काढलेला डेक कुठल्याही देशाचा असो, तो मऊ पडणार किंवा त्याला पीळ बसणार. मुंबई-कोकणात तर नुसती दमट हवासुद्धा पुरते. बोर्ड घरात, कोरड्या जागी, आडवा ठेवा. भिजलाच तर पुसून पंख्याखाली सुकवा, उन्हात नको. फुकटातला हा उपाय अनेक डेकचं आयुष्य वाढवेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप देशप्रेमाचा. चीनचा माल घ्यायचाच कशाला? भावना समजते. पण मग पर्याय काय, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हार्ड मेपलची जंगलं आपल्याकडे नाहीत. अमेरिकन लेबल घेतलं तरी आत चीन निघू शकतो, हे वर बघितलंच. लाकूड बाहेरचं आणून उत्तम बॅट बनवणाऱ्या देशाला लाकूड बाहेरचं आणून उत्तम डेक का जमू नये? जमायला हवं. पण ते कधी होईल? जेव्हा इथे डेक विकत घेणारे हजारो असतील तेव्हा. आणि ते हजारो तयार होतील आज परवडणाऱ्या डेकवर शिकूनच.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आणि तो जास्त वजनदार आहे. स्वस्त फळी मोडली आणि हात मोडला तर? म्हणून तर तपासायचं. शिवाय हिशोब असा करा: डेकमध्ये वाचलेल्या दोन-अडीच हजारांत चांगलं हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड येतात. पाच हजारांचा डेक आणि उघडं डोकं, यापेक्षा हे गणित मला केव्हाही बरं वाटतं.

यात माझीही एक मागणी आहे, विकणाऱ्यांकडे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. दोन हजारांच्या डेकवर 'सुपर स्ट्राँग प्रो क्वालिटी' एवढंच? लाकडाची जात, थर, गोंद, रुंदी, दोन ट्रकमधलं अंतर आणि किती वजनासाठी, या सहा गोष्टी छापायला अडचण काय आहे? दुकानात गेल्यावर या सहा गोष्टी विचारा. पहिल्या दिवशी दुकानदार वैतागेल. दहाव्या गिऱ्हाइकाने तेच विचारलं की तो घाऊक विक्रेत्याला विचारेल. बाजार असाच सुधारतो.

हे सगळं कुणासाठी?

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाने १३ व्या वर्षी सुवर्णपदक घेतलं. पुढच्याच वर्षी, गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्ट्रीटमध्ये सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून पार्कमध्ये लहान मुलं, त्यातही मुली, दिसायला लागल्या आहेत. ही मुलं घरी बोर्ड मागतात तेव्हा काय होतं, आपल्याला माहीत आहे. आधी 'हे काय नवीन खूळ' होतं. मग बरीच मनधरणी होते. मग एकदाचे दोन-तीन हजार मिळतात. एकदाचेच. मॉलमधून सोंगाड्या बोर्ड घरी येतो, वळत नाही, उसळत नाही, महिन्याभरात पदर सुटतात. घरचे म्हणतात, 'बघ, फिटली हौस?' आणि ती मुलगी स्वतःशी ठरवते की मला हे जमण्यासारखं नव्हतं. फळीचा दोष पोरीच्या नावावर जमा होतो.

पार्कमध्ये जुने असलेल्यांनी इथेच थोडं काम करायला हवं. नव्या मुलाच्या हातात स्वस्त डेक दिसला की 'कुठला आहे' विचारण्याऐवजी तो हातात घ्या, उलटा करा, थर मोजा, टिचकी मारा आणि त्यालाही मारायला शिकवा. चांगला निघाला तर चांगला म्हणून सांगा. वाईट निघाला तर का वाईट तेही दाखवा. आणि घरी तुमचा टेल झिजलेला, पण पदर शाबूत असलेला जुना डेक धूळ खात पडला असेल तर तो त्याला देऊन टाका. मॉलमधल्या नव्याकोऱ्या खेळण्यापेक्षा तो हजारपटीने बरा आहे. मग तो कुठलाही असो.